काचेतली झोप

चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं सगळ्यांचं सांगितलं आणि स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं. माझ्या जिभेला हाड नाही, असं आमची आई म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचे. आता नेत नाही.

ज्याची गोष्ट सांगतेय तो माझा धाकटा भाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई कामाला जायची, म्हणून मीच त्याला कडेवर घेऊन वाढवला. त्याच्या कानशिलावरचे केस पिकले तरी मी त्याला धाकट्याच म्हणते. बाकी सगळं शहर त्याला डुलक्या म्हणतं. हे नाव त्याला चिकटलं तेव्हा हसावं की रडावं ते मला कळेना, कारण आमच्या घरात इतकी सावध झोप दुसऱ्या कुणाची नव्हती. पलीकडच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी हा उठून बसायचा. मांजरानं अंग झटकलं की याचे डोळे टक्क उघडे.

धंद्यानं तो गादीवाला. विकणारा नव्हे, बनवणारा. आम्ही दोघं एकाच ठिकाणी कामाला. पुढं रस्त्याच्या अंगाला मोठी काच असलेलं दुकान, मागं लांबट कारखाना, मध्ये एक जाड पडदा. मी खोळी शिवते. तो गाद्या भरायचा. आता कुणाला वाटेल, गादी भरण्यात काय मोठंसं? कापूस कोंबला की झाली गादी! कोंबून बघा एकदा. आधी कोपरे, मग कडा, मग पोट. पोटात जास्त झालं तर माणूस रात्रभर घरंगळतो, कमी झालं तर सकाळी कंबर धरून उठतो. भरून झाली की वीतभर लांब दाभण घ्यायचं, मेण लावलेली दोरी ओवायची आणि टाके घालायचे, सगळे एकसारखे ओढून. एक सैल राहिला की शेजारचे चार फुगतात. धाकट्यानं घातलेला टाका मी वीस वर्षांत सैल बघितला नाही. खुद्द शेठच्या घरी त्याच्याच हातची गादी होती.

मग दिवस फिरले. लोक घरबसल्या फोनवर गाद्या मागवायला लागले. गुंडाळी करून खोक्यात भरलेली गादी दारात येते, खोकं फाडलं की फुगते. ना दाबून बघणं, ना बसून बघणं! मी म्हटलं, उद्या या पोरी नवरेही असेच मागवतील, नाही आवडला तर चौदा दिवसांत परत. पण बोलून काय होणार? आमच्या दुकानात माशी फिरकेना.

आमचा शेठ माणूस वाईट नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं तुम्हाला तसं वाटेल. मंदीच्या दोन वर्षांत त्यानं एकाही माणसाला घरी बसवलं नाही, मागचे आम्ही नऊच्या नऊ जण टिकून राहिलो. फक्त त्याचं डोकं गप्प बसत नाही. पहिल्यांदा त्यानं जाहीर केलं, आमची गादी घरी न्या, सात रात्री झोपून बघा, पटली तर ठेवा. लोकांनी नेल्या की! सात रात्री झोपले, पाहुण्यांना झोपवलं, तान्ह्या पोरांना झोपवलं आणि आठव्या दिवशी ओल्या गाद्या परत आणून टाकल्या. एकीच्या आत तर कंगवा सापडला. मग शेठ म्हणाला, जुनी गादी द्या आणि नवी स्वस्तात न्या. त्या जुन्या गाद्यांबरोबर सगळ्या शहराचे ढेकूण आमच्याकडे राहायला आले. तीन आठवडे आम्ही काम सोडून अंग खाजवत होतो. तिसरी शक्कल म्हणजे गादीवर नवरा-बायकोचं नाव भरून देणे. ते काम माझ्या गळ्यात पडलं. पुढं त्यातल्या एका जोडप्याचं फाटलं, आणि ती बाई हातात कात्री घेऊन मला म्हणते, माझ्या बाजूची अर्धी गादी कापून द्या.

त्या दिवशी ती बाई गेल्यावर शेठ डोकं धरून बसला. म्हणाला, "आता काय करू सांगा. काही सुचत नाही."

आणि मी, दोरा दातानं तोडता तोडता, म्हणाले, "आता एकच राहिलंय शेठ. एखाद्याला काचेत नेऊन झोपवा. गादी बघायला कुणी थांबत नाही, झोपलेला माणूस बघायला तरी थांबतील."

सगळे हसले. धाकट्या सगळ्यात जास्त हसला. शेठ मात्र हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, पुन्हा बोला."

दुसऱ्या दिवशी पुढची काच पुसून लख्ख झाली, आत पलंग आला, उशाशी छोटा दिवा आला. प्रश्न होता झोपायचं कुणी. आधी आमच्या कापूसवाल्याला झोपवलं. तो खरंच झोपला आणि असा घोरायला लागला की काच थरथरायला लागली. मग माल बांधणाऱ्या म्हाताऱ्याला झोपवलं. एका बाईनं आत येऊन हळूच विचारलं, "कधी गेले?" त्यालाही उठवलं. राहिला धाकट्या. त्याचा चेहरा, डोळे मिटले की, फार सुखी दिसतो. लहानपणापासून. मी त्याला थापटून निजवायचे तेव्हा आजूबाजूच्या बायका बघायला थांबायच्या.

तो म्हणाला, "शेठ, मला दिवसा झोप येत नाही. माझं हातातलं कामही पडलंय."

"अरे, झोप कोण म्हणतंय? नुसते डोळे मिट. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जा रे, चार दिवस आराम." हेही माझंच.

पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून तो काचेत गेला, आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी दुपारपर्यंत रस्त्यावर ही गर्दी! लोक काचेला नाकं लावून उभे. कामावर जाणारी माणसं थांबायची आणि त्याच्याकडे असं बघायची, जसं भुकेला माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो. "काय नशीबवान आहे बघा," म्हणायची, आणि पाचांतला एक आत येऊन गादीला हात लावायचा. बायका रात्र-रात्र न झोपणारी तान्ही पोरं आणून त्याला दाखवायच्या. कुणीतरी त्याला डुलक्या म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत ते नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. शेठनं लगेच डुलक्याची उशी काढली, डुलक्याची चादर काढली. अभ्रे शिवून शिवून माझी बोटं सुजली.

चार दिवसांचे दहा झाले, दहाचे तीस. मग शेठला नवी कल्पना सुचली. काचेला हात न लावता जो डुलक्याला उठवेल, त्याला डबल गादी फुकट. डुलक्या सलग शंभर दिवस उठला नाही, तर शंभराव्या दिवशी मोठा सोहळा आणि सगळ्या मालावर सूट. बाहेर दिवसांचा आकडा लिहायला फळी लागली. धाकट्याला शेठनं शब्द दिला, "शंभर दिवस पूर्ण कर. मग मागचा सगळा कारखाना तुझ्या हाताखाली. तू म्हणशील तशी गादी." पगार वाढवून दिला तो वेगळाच. त्या वाढीच्या भरवशावर त्यानं ठमीचा नर्सिंगच्या शाळेचा अर्ज भरला. ठमी त्याची एकुलती एक लेक, एकोणीस वर्षांची. लहानपणापासून तिला तेच व्हायचं होतं. मांजराच्या पायालासुद्धा पट्ट्या बांधायची. शाळा दूरच्या शहरात होती आणि जागा मिळायची वाट बघत ती रोज फोन उशाशी घेऊन बसायची.

आता आतली गंमत ऐका. धाकट्या काचेत एक क्षणही झोपला नाही. सकाळी दहा ते एक आणि दोन ते सात, टक्क जागा, डोळे मिटून. एक ते दोन पडदा पडायचा. तेव्हा तो मागं माझ्या मशिनीपाशी येऊन बसायचा आणि डबा उघडायचा. पहिले दिवस हसायचा. म्हणायचा, "ताई, लोक काय काय बोलतात गं! त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही." एक म्हातारा रोज येऊन काचेपाशी उभा राहायचा आणि मेलेल्या बायकोबद्दल हळू आवाजात बोलायचा. एक नवरा-बायको भांडायला तिथंच यायचे, कारण घरी सासू असते.

"पण वेळ कसा जातो रे तुझा?"

"गाद्या भरतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मनातल्या मनात. कोपरे, कडा, पोट, मग टाके. एक गादी पूर्ण केल्याशिवाय दुसरी घेत नाही. काल सहा झाल्या."

मी त्याच्या हातांकडे बघितलं. बोटं मांडीवर हलत होती, दोरी ओढल्यासारखी. मी, जिला कधी गप्प बसता आलं नाही, ती गप्प बसले.

मग त्याला उठवायला येणारे वाढले. ढोल आणले, भोंगे आणले, विनोद सांगितले. एक जण रोज वेगवेगळ्या माणसांचे आवाज काढून दाखवायचा. हे सगळं चालून गेलं. पण माणसाला फुकटची गादी दिसली की तो कुठल्या थराला जातो! कुणी ओरडायचं, घराला आग लागली. कुणी म्हणायचं, बायको पळाली. अठ्ठावन्नाव्या दिवशी एका धडधाकट गृहस्थानं काचेपाशी तोंड नेऊन सांगितलं, "अहो डुलक्या, तुमच्या मुलीला ट्रकनं उडवलं." धाकट्या हलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक वाजता पडदा पडला आणि तो मागं आला तेव्हा पांढराफटक पडला होता. डब्याला हात न लावता म्हणाला, "ताई, ठमी कुठंय? फोन लाव. आधी फोन लाव." ठमी घरी कपडे वाळत घालत होती. तिचा आवाज ऐकला तेव्हा कुठं तो खाली बसला.

मी तशीच उठून पुढं गेले आणि शेठला म्हटलं, "बंद करा हा तमाशा."

शेठनं मला हाताला धरून मागं आणलं आणि कारखाना दाखवला. बाकीची सातही माणसं मान वर न करता कामात होती. भिंतीला लावून तयार गाद्या उभ्या होत्या. "बंद करतो," तो म्हणाला, "मग यांच्यापैकी कुणाला आधी घरी पाठवू ते सांगा." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती गत. धाकट्या माझ्या मागून म्हणाला, "राहू दे ताई. बेचाळीसच दिवस राहिलेत."

घरचं मला भावजयीकडून कळायचं. ती आली की माझ्या खोळीच्या ढिगावर बसून डोळे पुसायची. "वन्सं, हे गादीवर पाठच टेकत नाहीत. भिंतीला टेकून चटईवर बसतात. दिवा मालवू देत नाहीत. डोळे मिटायचे म्हटलं की म्हणतात, कामाचं घरी नको." आणि ठमी? ठमी त्याच्याशी फटकून वागायला लागली होती. मैत्रिणी तिला डुलक्याची पोरगी म्हणायच्या, ते एक होतंच. पण मला ती म्हणाली ते वेगळं होतं. "आत्या, बाबा घरी असतात तेव्हासुद्धा माझ्याकडे बघत नाहीत. समोर बसून बोलले तरी डोळे मिटतात. मी काय गिऱ्हाईक आहे?"

मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "बोलणं ऐकलं की आपोआप मिटतात गं. शंभर होऊ देत. मग बघत बसेन तिच्याकडे. इतकं बघेन की म्हणेल, बाबा, पुरे."

सत्त्याऐंशीवा दिवस. सकाळी साडेदहाला ठमीचा मला फोन. जागा मिळाली होती. कुणीतरी गळलं म्हणून हिचा नंबर लागला, पण उद्या सकाळी आठला हजर झालं नाही तर जागा पुढच्या मुलीला. तिथं पोचणारी एकच बस, साडेबाराची. पहिलं वर्षभर सुट्टी नाही. "आत्या, बाबांना सांग मी येतेय. मी जाताना त्यांनी माझ्याकडे बघायला हवं."

मी पुढं धावले. शेठ दारात उभा होता आणि त्याच्याबरोबर कोट घातलेली दोन माणसं. वसतिगृहाची माणसं होती ती. साडेचारशे खोल्यांना गाद्या घ्यायच्या होत्या, आणि डुलक्याची कीर्ती ऐकून खातरजमा करायला आली होती. मी शेठला बाजूला घेऊन सांगितलं, पाच मिनिटं पडदा पाडा.

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. "आत्ता? बाई, हे दोघं एक वाजेपर्यंत उभं राहून बघायचं म्हणतायत. त्यांना वाटतं आपण काहीतरी लबाडी करतो. यांच्यासमोर पडदा पाडला तर झालंच. एक वाजता पाडतो ना."

"एक वाजता पोरगी बसमध्ये असेल!"

"मला पोरगी नाही का? मला कळत नाही का?" शेठ म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "पण तुम्हीच सांगा, मी काय करू?"

पावणेबाराला त्या दोघी आल्या. भावजयीच्या हातात पिशव्या, ठमीच्या हातात पेटी, अंगावर नवे कडक कपडे. गर्दीतून वाट काढत ती थेट काचेपाशी गेली. मी पडद्यामागं उभी होते. मला धाकट्याची पाठ दिसत होती आणि समोर काचेपलीकडे तिचा चेहरा.

"बाबा," ती म्हणाली. "मी निघाले. बाबा, मला जागा मिळाली."

गर्दीतून कुणीतरी हसलं. "हा बरा डाव आहे! लेक म्हणून आणली." दुसरा म्हणाला, "बाई, आम्ही हे आधीच करून बघितलंय. नाही उठत तो."

कोटवाले दोघं पुढं सरकले. एकानं घड्याळ बघितलं.

मी ओणवी होऊन पडद्याच्या फटीतून तोंड पलंगाच्या उशापाशी नेलं. "धाकट्या. खरीच ठमी आहे. निघालीय ती."

ओठ न हलवता तो म्हणाला, "माहितीये. तिचा आवाज मला कळत नाही होय?"

"मग उघड डोळे! उठू नकोस. नुसते उघड. एकदा."

"पुढं कोण उभंय ताई? सकाळपासून नवे आवाज आहेत दोन."

मी खोटं बोलू शकले असते. जन्मभर नको तिथं बोलले, तिथं एक खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण मी सांगितलं. वसतिगृहवाले. साडेचारशे खोल्या.

त्याची मूठ चादरीवर आवळलेली मला दिसत होती. मग म्हणाला, "मग कसा उघडू? तूच सांग. मागं तुझ्यासकट आठ जण आहेत." आणि थांबून, "रात्री फोन करीन म्हणावं तिला."

ठमी काचेपाशी उभीच होती. तिनं आणखी तीनदा हाक मारली. पहिल्यांदा मोठ्यानं, मग साधी, मग इतकी हळू की मला ऐकूच आली नाही, फक्त ओठ हलताना दिसले. मग भावजयीनं तिच्या दंडाला धरलं. तिनं पेटी उचलली आणि गेली. मागं वळून बघितलं नाही. आणि ती दोन कोटातली माणसं एकमेकांकडे बघून मान डोलवत होती. एक जण शेठला म्हणाला, "कमाल आहे हो."

ऑर्डर मिळाली. सांगायला नको.

दुपारी तो मागं आला. त्या दिवशी मी त्याला किती भरल्या म्हणून विचारलं नाही. त्यानंच सांगितलं, "एक अर्धवट राहिली."

रात्री ठमी पोचली, तेव्हा आम्ही तिघं त्याच्या घरी फोनभोवती बसलो. तो म्हणाला, "बाळा, मला वाटलं कुणी नक्कल करतंय. रोज करतात गं. मला कळलंच नाही तू होतीस ते."

मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जागे असलात की तुमच्या उजव्या पायाचा अंगठा हलतो. चादरीखाली हलत होता." रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "असू दे. मला कळतं बाबा. जेवून घ्या." आणि त्यानंतर तिचे फोन आईला यायचे. बाबा कसे आहेत म्हणून विचारायची, पण त्याला फोन द्या असं काही म्हणायची नाही. तोही मागायचा नाही. हात पुढं करायचा आणि मागं घ्यायचा, असं भावजय सांगायची.

अजून संपलं नाही. तिसऱ्या दिवशी शेठ माझ्याकडे मोठं कापड घेऊन आला. काचेवर लावायचा फलक. त्यावर रंगात लिहिलेलं होतं, लेकीनं हाक मारली तरी झोप मोडली नाही! कडा दुमडून शिवून द्या, म्हणाला.

मी ते कापड त्याच्या अंगावर फेकलं. "लाज नाही वाटत? पोरीचे अश्रू विकताय?"

तो खाली मान घालून म्हणाला, "लोक तेच विचारत येतायत बाई. मी नाही लिहिलं तरी तेच बोलतायत." मी नाही शिवलं म्हणून काय अडलं? तासाभरात छापखान्यातून दुसरा आला, माझ्या शिलाईपेक्षा सरळ कडांचा. त्याच्याखाली धाकट्या आणखी दहा दिवस निजला. त्याला तो फलक दिसला नाही, पण येणाराजाणारा तो मोठ्यानं वाचायचा.

शंभरावा दिवस उजाडला. रस्ता फुलांनी सजवला होता, वाजंत्री आली होती. ठरलं असं होतं की संध्याकाळी पाचला शेठ घंटा वाजवेल, धाकट्या डोळे उघडेल, आळस देईल, हसेल, पलंगावरून उतरून सगळ्यांना हात करेल. मागच्या सगळ्यांनी मिळून त्याच्यासाठी कारखान्यातली मोठी खुर्ची पुसून ठेवली होती. माझा जीव पहिल्यांदाच हलका झाला होता. मी भावजयीला म्हटलं, उद्या याला बसमध्ये घाल आणि पोरीकडे पाठव, शाळेच्या दारात उभा राहू दे दिवसभर.

पाच वाजले. घंटा वाजली. लोकांनी आरडाओरडा केला, वाजंत्री सुरू झाली.

धाकट्या उठला नाही.

शेठनं पुन्हा घंटा वाजवली. लोक हसले, त्यांना वाटलं हाही गमतीचा भाग आहे. शेठ घाईघाईनं मागं आला. "बाई, बघा जरा. काही झालं तर नाही ना?"

पडदा सारून मी आत शिरले, सगळ्या शहरासमोर, आणि पलंगाच्या काठावर बसून त्याच्या कपाळाला हात लावला. ऊन होतं. श्वास चालू होता.

"धाकट्या, झालं रे शंभर. ऊठ. संपलं."

"ऐकलं मी," तो म्हणाला. ओठ हलले नाहीत.

"मग ऊठ ना."

"ज्या दिवशी उघडायला हवे होते त्या दिवशी उघडले नाहीत ताई. आता यांच्यासाठी कशाला उघडू?"

मी त्याला सांगायला हवं होतं, अरे वेड्या, पोरगी जिवंत आहे, धडधाकट आहे, उद्याची बस आहे, जा आणि तिच्यासमोर उभा राहा. मी त्याला दंडाला धरून उठवायला हवं होतं, लहानपणी शाळेसाठी उठवायचे तसं. सगळं ओठांवर आलं होतं. पण मी मान वळवली, तर पडद्याच्या फटीत मागची सगळी माणसं श्वास धरून उभी होती, आणि त्यांच्यामागं वसतिगृहाच्या गाद्या अर्ध्याच भरून झाल्या होत्या. काचेपलीकडे शेठनं एव्हाना हात वर केले होते. त्याला दुसरी शक्कल सुचली होती. "आपल्या डुलक्याला आमची गादी सोडवत नाही!" तो ओरडून सांगत होता. "आणखी शंभर दिवस!"

धाकट्यानं हे ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पायाकडे मी बघितलंच नाही, माझं धाडस झालं नाही.

लोक वाट बघत होते. मी चादर त्याच्या खांद्यापर्यंत ओढली, नीट सारखी केली आणि उठले. बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला.